लाकडी जमिनीच्या पॉलिशचे पोपडे पुन्हा पुन्हा निघतात तेव्हा

जमीन घासली, पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) तीन कोट मारले, चार-सहा महिने छान दिसली. मग दाराजवळ नखाएवढा पापुद्रा उठला. झाडूचे टोक त्यात अडकले आणि तो रुपयाएवढा झाला. त्यावर आणखी एक कोट मारला, तर पुढच्या पावसाळ्यात तो जुन्यालाही सोबत घेऊन उठला. घरच्या घरी लाकडी जमिनीचे पॉलिश करणाऱ्यांची सर्वांत जास्त वेळा येणारी तक्रार ही आहे, आणि ती सुटण्यासारखी आहे.

इथली माहिती सागवानी फळ्यांच्या जमिनीसाठी आहे. जुने वाडे, मुंबईतल्या जुन्या इमारतींचे वरचे मजले, कोकण-गोव्यातल्या घरांची तक्तपोशी, सगळे यात आले. नव्या फ्लॅटमधल्या इंजिनिअर्ड वुडलाही (प्लायवूडवर खऱ्या लाकडाचा पातळ थर) ती लागू पडते, पण तिथे घासाईची मर्यादा फार कमी असते. लॅमिनेट मात्र लाकूड नव्हे. तो लाकडाचे चित्र छापलेला कागद असतो. चार-पाच फळ्यांमध्ये तीच गाठ, त्याच जागी पुन्हा दिसली तर ते लॅमिनेट समजा आणि घासू नका. त्याची फळी बदलणे हाच उपाय.

आधी लक्षणे

खालच्यापैकी आपल्याकडे नेमके काय आहे ते कागदावर लिहून ठेवा. पुढच्या तपासण्या याच्याशी ताडून पाहायच्या आहेत.

- नखाने उचलला की पातळ प्लास्टिकसारखा अख्खा पापुद्रा निघतो, आणि खाली जुना चकचकीत थर दिसतो.
- पापुद्र्याबरोबर खालचे कोरडे लाकूड उघडे पडते.
- पापुद्रा निघत नाही, पण खुर्चीचा पाय सरकला की टवका उडतो किंवा पांढरी रेघ उठते.
- पोपडे फक्त फळ्यांच्या सांध्यांवर, लांब रेषेत निघतात.
- पोपडे फक्त बाल्कनीच्या दाराशी, बाथरूमच्या भिंतीलगत किंवा खिडकीखाली निघतात.
- कोट मारतानाच बारीक गोल खड्डे पडले होते, ज्यात पॉलिश पसरायला तयार नव्हते.
- आठवडा उलटला तरी पाय चिकटतो.

हे सगळे एकाच रोगाचे प्रकार वाटतात, पण कारणे वेगवेगळी आहेत. एक गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी सारखी आढळते. पापुद्रा अख्खा, लवचीक निघत असेल तर पॉलिश स्वतः ठणठणीत आहे. त्याची खालची पकड सुटली आहे. म्हणून दुसऱ्या, महागड्या कंपनीचा डबा आणणे हा उपाय सगळ्यात शेवटी ठेवा. पकड कशामुळे सुटली ते कळले नाही, तर महागडा डबाही तसाच उठेल.

१. पापुद्र्याची खालची बाजू पाहा (खर्च शून्य)

सुटलेला एक मोठा पापुद्रा उजेडात नेऊन उलटा करा. सोबत भिंग असेल तर उत्तम, नाहीतर मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून मोठा करून बघा.

खालची बाजू काचेसारखी गुळगुळीत असेल तर फाटाफूट दोन कोटांच्या मधे झाली आहे. याचा अर्थ नवा कोट जुन्या चकचकीत थरावर नुसता बसवला गेला; त्याला धरायला ओरखडे नव्हते, किंवा मधे मेण, साबण, तेल होते. खालच्या बाजूला लाकडाचे धागे चिकटून आले असतील तर पकड चांगली होती, लाकडाचाच वरचा थर कुजका किंवा ओला होता. लाकडाच्या रेषांचा ठसा आहे, पण धागा एकही नाही, अशी स्थिती असेल तर लाकूड तेलकट होते किंवा फार बारीक घासकागदाने (सँडपेपरने) घासून गुळगुळीत झाले होते. आणि खालच्या बाजूला बारीक पांढरी पूड असेल तर धूळ नीट न काढता कोट मारला गेला.

या एका मिनिटाच्या तपासणीने निम्मे काम होते. लोक ती टाळून थेट मशीन लावतात, याचे वाईट वाटते, कारण मशीन लागले की हा पुरावा कायमचा जातो.

२. खोलीचा नकाशा काढा (खर्च शून्य)

कागदावर खोलीचा चौकोन काढा आणि पोपड्यांच्या जागा टिंबांनी दाखवा. सगळीकडे सारखे विखुरलेले पोपडे म्हणजे तयारीतली चूक: घासाई, मेण, दोन कोटांमधला वेळ. एका भिंतीलगत किंवा कोपऱ्यात गर्दी म्हणजे पाणी. येण्याजाण्याच्या वाटेवर, सोफ्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पट्टा, म्हणजे पकड आधीच कच्ची होती आणि चालण्याने ती उघडी पडली. देवघरासमोरचा हातभर भाग असेल तर समईचे तेल आठवा. ते सांध्यांतून खाली मुरलेले असते आणि वरून पुसून जात नाही.

सांध्यांवरच्या रेषा हा वेगळा प्रकार आहे. हवेतला दमटपणा वाढला की लाकूड रुंदीत फुगते, कमी झाला की आकसते. दमटपणा ५० टक्क्यांच्या आसपास राहिला तर लाकडातली ओल साधारण ९ टक्क्यांवर स्थिरावते, ८० टक्के राहिला तर १५-१६ वर. १०० मिलिमीटर रुंदीची सागाची फळी या दोन टोकांमध्ये रुंदीत एक मिलिमीटरच्या आसपास हलते. सांध्यावरून सलग पसरलेला पॉलिशचा थर इतके ताणणे सहन करत नाही. तो तिथेच फाटतो आणि कडेने उठतो. अशा रेषांसाठी संपूर्ण जमीन खरवडायची गरज नसते. सांध्यात लांबी (पुट्टी) ठासून भरली असेल तर ती काढून टाका. फुगणाऱ्या फळीला जागा हवी असते. ती लांबीने बंद केली की लांबीच वर ढकलली जाते, आणि पॉलिशही तिच्याबरोबर जाते.

३. जमीन कशाने पुसली जाते? (खर्च शून्य)

आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने, फिनेल टाकून पुसायची सवय आहे. तीच बादली आणि तेच पोतेरे लाकडी जमिनीवरही फिरते. यात दोन नुकसाने आहेत. पाणी सांध्यांतून खाली उतरते आणि फळीची न पॉलिश केलेली खालची बाजू ओली करते. आणि फिनेल, सुगंधी क्लीनर किंवा साबणाचा पातळ थर वर साचत जातो. पुढच्या वर्षी नवा कोट मारताना तो थर डोळ्यांना दिसत नाही, पण नवे पॉलिश त्याच्यावरच बसते.

सर्वांत धोकादायक म्हणजे फर्निचर चमकवायचे सिलिकॉनचे स्प्रे. सिलिकॉन घासाईच्या धुळीबरोबर लाकडात आणखी आत रगडले जाते, आणि कोट मारताना ते गोल खड्डे पडतात ज्यांना पॉलिशवाले ‘फिश आय’ म्हणतात. लक्षणांत खड्डे असतील तर घरात असा स्प्रे आहे का, दारा-खिडक्यांना काही महिन्यांत सिलिकॉनची ट्यूब लावली होती का, हे आधी विचारा. कामवाल्या ताईंना विचारायला विसरू नका. जमीन कशाने पुसली जाते ते त्यांना घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त नेमके ठाऊक असते.

इथून पुढे फक्त कोरडा मऊ झाडू आणि घट्ट पिळलेले मायक्रोफायबरचे फडके, तेही आठवड्यातून एक-दोनदाच. हात फिरवल्यावर ओल मिनिटाभरात उडाली पाहिजे. उडत नसेल तर फडके जास्त ओले आहे.

४. डबा आणि तारीख (खर्च शून्य)

रिकामा डबा असेल तर फेकू नका. त्यावर दोन कोटांमधली वेळ छापलेली असते, आणि तिथेच बहुतेक गडबड सापडते. दोन डब्यांचे, म्हणजे हार्डनर मिसळायचे पीयू, वाळताना रासायनिक साखळ्यांनी जोडले जाते. ठरलेल्या वेळेत दुसरा कोट आला तर तो पहिल्याशी जोडला जातो. वेळ उलटून गेली की पहिला थर बंद होतो, आणि मग त्याला घासून ओरखडे पाडल्याशिवाय दुसरा कोट धरत नाही. पुष्कळ पीयूंमध्ये ही वेळ काही तासांपासून एक दिवसापर्यंत असते, पण कंपनीगणिक ती बदलते. शेवटचा शब्द डब्याचा. पहिला कोट शनिवारी आणि दुसरा पुढच्या रविवारी, मधे घासाई नाही, असे झाले असेल तर कारण सापडले.

मिसळण्याचे प्रमाणही तपासा. दोनास एक, तीनास एक, एकास एक अशी वेगवेगळी प्रमाणे असतात आणि ती अंदाजाने घेऊन चालत नाहीत. हार्डनर कमी पडला तर थर मऊ, चिकट राहतो. जास्त झाला तर ठिसूळ होऊन टवके उडतात. मोजमापाचे प्लास्टिकचे ग्लास वापरा आणि मिश्रण तीन मिनिटे, तळ खरवडत ढवळा. एकदा उघडलेला हार्डनर हवेतली ओल ओढून घेतो. तो गढूळ किंवा दाट झाला असेल तर टाकून द्या. हार्डनर पाण्याशी भेटला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि कोटात बुडबुडे येतात, त्यामुळे पावसाळ्यात बुडबुड्यांची तक्रार वाढते.

हवामान आठवा. आषाढ-श्रावणात कोकणपट्टीत मारलेला कोट आणि मार्गशीर्षात मारलेला कोट यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. घरात दमटपणा ७० टक्क्यांच्या वर असेल तर काम पुढे ढकला. काटा दाखवणारे साधे आर्द्रतामापक काही शेकड्यांत मिळते, आणि लाकडी जमीन असलेल्या घरात ते असावेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने आपल्याकडे या कामाला सर्वांत चांगले. दिवाळीआधी जमीन चकाचक करायची घाई हे ओल्या लाकडावर कोट पडण्याचे मोठे कारण आहे, कारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला हवा कोरडी वाटली तरी फळ्यांतली ओल अजून उतरलेली नसते.

५. खाली कोणता थर आहे? (खर्च शंभर-दोनशे रुपये)

हार्डवेअरच्या दुकानातून टर्पेंटाइन, स्पिरिट आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर यांच्या छोट्या बाटल्या आणा. पांढऱ्या सुती फडक्याचे तुकडे घ्या. कपाटाखालचा, दृष्टीआडचा कोपरा निवडा, खिडक्या उघडा, समई-उदबत्ती विझवा.

पहिले फडके टर्पेंटाइनचे. दहा वेळा चोळा. फडक्यावर पिवळट-तपकिरी, चिकट डाग आला तर वर मेण आहे. मेणावर जगातले कुठलेही पीयू धरत नाही.

दुसरे स्पिरिटचे. अर्ध्या मिनिटात जुना थर मऊ होऊन चिकटला, फडक्याला लालसर-तपकिरी रंग आला, तर ती चपडी आहे. जुन्या सागवानी जमिनींवर, जिन्यांवर आणि कठड्यांवर चपडीचा हात हमखास सापडतो. चपडी किंवा चपडा म्हणजे लाख, आणि लाखेत साधारण ३ ते ५ टक्के नैसर्गिक मेण असते. फ्रेंच पॉलिशसाठी ते चालते, पण त्याच्यावर पीयू मारला की तो सुटण्याची शक्यता दाट असते. वाड्यातल्या जमिनींवरचे पोपडे पाहिले तर बऱ्याचदा दोषी हीच चपडी निघते. ‘आधी चपडीचा एक हात मारून घेऊ, मग पीयू’ असे सुचवणारे कारागीर अजून भेटतात. फर्निचरच्या उभ्या फळीवर ते निभावूनही जाते, पण जमिनीवर पाय, पाणी आणि घासणे रोजचे. तिथे हे करू देऊ नका.

तिसरे थिनरचे. स्पिरिटने हलला नाही आणि थिनरने विरघळला तो एनसी लॅकर. थिनरनेही नुसता किंचित फुगला किंवा ढिम्म राहिला, तर मेलामाइन (फर्निचरचे एक कडक पॉलिश) किंवा पीयू. लॅकरवर दोन डब्यांचे पीयू मारले की त्यातले थिनर खालच्या थराला फुगवते आणि सुरकुत्या पडतात. जुने पीयू घट्ट असेल तर ते काढायची गरज नाही. साफ करून २२० नंबरच्या कागदाने (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) घासले की नवा कोट धरतो.

६. ब्लेड आणि टेप (खर्च ब्लेडचा)

जिथे अजून पोपडे निघाले नाहीत तिथे नव्या ब्लेडने दोन-दोन मिलिमीटरवर सहा आडव्या आणि सहा उभ्या रेघा पाडा, फक्त पॉलिश कापण्यापुरत्या. त्यावर चांगली चिकट टेप दाबून बसवा, मिनिटभर ठेवा, झटक्यात ओढा. पंचवीसपैकी एक-दोन चौकोनांच्या कडा गेल्या तर तो भाग टिकणारा आहे. पाच-सहा अख्खे चौकोन टेपवर आले, तर तिथली पकड आज-उद्या सुटणारच. ही चाचणी निदान पाच ठिकाणी करा: खोलीच्या मध्यावर, दोन कोपऱ्यांत, दारात आणि वाटेवर.

याच निकालावर मोठा निर्णय अवलंबून आहे. पाचही ठिकाणी पकड चांगली असेल तर फक्त सुटलेल्या फळ्या दुरुस्त करा. नुसता पोपड्याएवढा ठिपका भरू नका. त्याची पायरी तिरप्या उजेडात कायम दिसते. एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंत अख्खी फळी घासून घ्या, म्हणजे जोड सांध्यात लपतो. तीन ठिकाणी चौकोन निघाले असतील तर दुरुस्तीत पैसे घालू नका. सगळा थर काढणे स्वस्त पडते.

७. लाकडात ओल आहे का? (हजार-दोन हजार रुपये, किंवा एक प्लास्टिकचा कागद)

दोन टोकांचे ओलमापक यंत्र ऑनलाइन मिळते. फळीत टोचा, पन्नास ठिकाणी मोजा, नकाशावर आकडे लिहा. बहुतेक आकडे ८ ते १२ मध्ये असतील तर काम करायला हरकत नाही. १४ च्या वर असतील तर थांबा आणि कोरड्या हवेची वाट पाहा. आकड्यांच्या पातळीइतकीच त्यांतली तफावत महत्त्वाची. सगळीकडे १० आणि बाथरूमच्या भिंतीशी १८, तर भिंतीमागे गळती आहे आणि पॉलिशचा त्यात काही दोष नाही.

काँक्रीटच्या स्लॅबवर चिकटवलेल्या फळ्यांसाठी, विशेषतः तळमजल्यावर, स्लॅबची ओल वेगळी तपासा. एखादी सुटी फळी किंवा उंबऱ्याची पट्टी काढून उघड्या काँक्रीटवर दीड फूट चौकोनी जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने बंद करा. १६ तासांनी काढा. खाली दव जमले असेल किंवा काँक्रीट काळपट पडले असेल तर ओल जमिनीतून वर येते आहे. तितकी उघडी जागा नसेल तर छोट्या तुकड्याने अंदाज येतो, खात्री नाही.

फळ्यांच्या कडा वर आणि मध्य खाली, असा हलका वाटीसारखा आकार दिसला तर तो खालून येणाऱ्या ओलाव्याचा असतो. सरळ पट्टी आडवी ठेवली की लगेच कळते. अशी जमीन कधीही लगेच घासू नये. वर आलेल्या कडा घासून सपाट केल्या, आणि पुढे लाकूड वाळून पूर्ववत झाले, की त्याच कडा खाली जाऊन मधे उंचवटा राहतो. गेलेले लाकूड परत येत नाही. आधी ओल थांबवा, एक कोरडा हंगाम जाऊ द्या, मग मोजा. कित्येक फळ्या आपोआप सपाट होतात.

८. घासाई तपासा, आणि गरज असेल तर पुन्हा करा

आता मेहनतीचे काम. संध्याकाळी दिवे बंद करून टॉर्च जमिनीवर आडवी ठेवा. घासलेल्या भागात चकचकीत ठिपके किंवा पट्टे दिसले तर तिथे कागद पोचलाच नव्हता. भिंतीची कड आणि कोपरे इथे हे नेहमी होते, कारण गोल मशीन तिथे जात नाही. तिथे हातानेच घासावे लागते.

पीयूवर पीयू चढवायचा असेल तर २२० नंबरचा कागद, सगळीकडे एकसारखी मॅट पांढरी छटा येईपर्यंत. कागदावर कोरडी पांढरी पूड आली पाहिजे. पॉलिश गोळे होऊन कागदाला चिकटत असेल तर खालचा कोट वाळलेला नाही. त्यावर काही मारू नका.

सगळा थर काढायचा असेल तर खिळ्यांची डोकी पंचने २-३ मिलिमीटर खाली ठोकून घ्या, नाहीतर पहिल्याच फेरीत कागद फाटेल. मग ६० नंबर, नंतर ८०, शेवटी १२०. थर फारच जाड असेल तरच ४० ने सुरुवात. नंबर उड्या मारून घेऊ नका. ६० चे ओरखडे १२० ने जात नाहीत आणि स्टेनर (लाकडाला छटा देणारा रंग) लावताच गडद रेघा होऊन वर येतात. १२५ किंवा १५० मिलिमीटरचे फिरते ऑर्बिटल मशीन घरच्या कामाला पुरे. बेल्ट सँडर वेगवान असतो, पण एका जागी दोन सेकंद थांबला की खड्डा पडतो. सवय नसेल तर तो जमिनीवर वापरू नका.

उघड्या सागावर १२० ला थांबा, फार तर १५०. हाताला रेशमासारखे लागावे म्हणून २२०-३२० पर्यंत जाण्याचा मोह होतो. टेबलाला ते शोभते. जमिनीच्या पॉलिशला मात्र धरायला खडबडीतपणा हवा, आणि साग तर जास्त घासला की मेणचट चकाकी धरतो.

इंजिनिअर्ड वुडमध्ये वरचा खऱ्या लाकडाचा पापुद्रा किती जाड आहे ते उंबऱ्याच्या पट्टीखाली, कापलेल्या कडेवर पट्टी धरून मोजा. तो २ मिलिमीटर किंवा कमी असेल तर मशीनने थर काढायच्या भानगडीत पडू नका. खालचे प्लायवूड दिसले की ती फळी गेली.

९. सागाचे तेल

साग पाण्याला आणि वाळवीला टिकतो तो ज्या तेलकट अंशामुळे, तोच पॉलिशची पकड बिघडवतो आणि तेलावर आधारित पॉलिशला वाळू देत नाही. घासाईनंतर एका फळीवर पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा उभा राहिला तर पृष्ठभाग तेलकट किंवा मेणकट आहे. पसरून मुरला तर ठीक. थेंब उभा राहत असेल तर अ‍ॅसिटोन किंवा चांगल्या प्रतीच्या थिनरने, दर दोन-तीन फळ्यांना फडके बदलत पुसा. एकच फडके शेवटपर्यंत वापरले तर तेल नुसते इकडून तिकडे पसरते. द्रव उडून गेला की तासाभरात सीलर (पॉलिशखालचा पहिला कोट) मारा. दुपारी पुसून दुसऱ्या दिवशी सीलर मारला तर आतले तेल पुन्हा वर आलेले असते. सीलर त्याच कंपनीचा, त्याच पीयूसाठी असलेला घ्या. दोन कंपन्यांच्या डब्यांची जोडी जुळवू नका.

धूळ आधी व्हॅक्यूमने, सांध्यांतूनही. नुसता झाडू मारला तर धूळ हवेत उडून तासाभराने परत खाली बसते. पाण्याचे (पाण्यावर आधारित) पॉलिश मारणार असाल तर स्टील वूल अजिबात नको: त्याचे कण गंजून सागावर काळे ठिपके पडतात.

१०. आधी एक फूट, मग खोली

सगळे कारण सापडल्यासारखे वाटले तरी कोपऱ्यातल्या एक फूट चौकोनात पूर्ण क्रम करून पाहा: घासाई, पुसणे, सीलर, कोट, मधली घासाई, कोट. तीन दिवसांनी तिथे ब्लेड-टेपची चाचणी. पास झाली तरच खोली. १० बाय १२ फुटांच्या खोलीला, म्हणजे साधारण ११ चौरस मीटरला, एका कोटाला जवळपास एक लिटर लागते. तीन पातळ कोट धरा. जाड दोन कोट मारून वेळ वाचवू नका, जाड थर वरून सुकतो आणि आत मऊ राहतो. कोट मारताना पंखा बंद, खिडक्या उघड्या. पंख्याने धूळ येते आणि वरची साय लवकर धरते.

कुठे थांबायचे

हे मुद्दे आग्रहाने सांगतो, कारण इथे स्वतः करण्याच्या हट्टाने पैशापेक्षा मोठे नुकसान होते.

पाय दिला की फळी लवते, ठोकले की पोकळ आवाज येतो, सांध्यातून पिठासारखा भुसा पडतो, किंवा मातीच्या नळ्या दिसतात: वाळवी किंवा पोखरणारी कीड आहे. आधी कीडनियंत्रणवाला, मग सुतार, पॉलिश सगळ्यांच्या शेवटी. खालच्या तुळईत चाकूचे टोक सहज शिरत असेल तर खोलीत माणसे जमवू नका आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. मुंबईतली उपकरप्राप्त (दुरुस्ती उपकर भरणारी जुनी) इमारत असेल तर तुळयांना परस्पर हात लावू नका. ते काम म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाच्या कक्षेत येते.

भिंतीशी ओलीचा आकडा कायम चढा राहत असेल तर प्लंबर. कोरड्या हंगामातही स्लॅबमधून ओल येत असेल तर वॉटरप्रूफिंगवाला.

जुन्या घरात पॉलिशखाली किंवा बाजूला रंगीत ऑइल पेंटचे थर असतील तर कोरडी घासाई करू नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दशलक्षात ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. असा रंग काढायला धूळ पकडणारी यंत्रणा असलेला माणूसच हवा.

दोन डब्यांच्या पीयूतला हार्डनर आयसोसायनेटचा असतो. त्याने दमा जडू शकतो, आणि एकदा त्याची संवेदनशीलता आली की पुढे थोडा वासही त्रास देतो. ब्रश-रोलरने, सेंद्रिय वाफांचे कार्ट्रिज असलेला मास्क लावून काम करा; कापडी मास्क उपयोगाचा नाही. घरात स्प्रे गन चालवू नका. घरात दमेकरी, गरोदर बाई किंवा तान्हे मूल असेल तर हे काम बाहेरच्याला द्या आणि तेवढे दिवस दुसरीकडे राहा, किंवा पाण्याचे एका डब्याचे पॉलिश निवडा.

व्यावसायिक बोलावला तर त्याला तुमचा नकाशा, ओलीचे आकडे आणि उलटा केलेला पापुद्रा दाखवा. ‘कोटाआधी ओल मोजणार का? खाली चपडी आहे, ती पूर्ण काढणार का? एक फूट नमुना करून टेपने दाखवणार का?’ हे तीन प्रश्न विचारा. ‘काही गरज नाही, वरून एक कोट मारतो’ असे उत्तर आले तर दुसरा माणूस पाहा.

काम झाल्यावर जवस-तेलाच्या किंवा तेलाच्या पॉलिशच्या चिंध्या गोळा करून पिशवीत कोंबू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. एकेक पसरून बाहेर मोकळ्या हवेत वाळवा किंवा पाणी भरलेल्या लोखंडी बादलीत बुडवून ठेवा. दुसऱ्या दिवशी मोज्यांनी चालायला हरकत नाही. फर्निचर तीन दिवसांनी, उचलून ठेवा, ओढत आणू नका. सतरंजी-गालिचा दोन डब्यांच्या पीयूवर आठवड्याने, तेलाच्या एका डब्याच्या पीयूवर महिन्याने. रबराच्या पाठीची पायपुसणी मात्र लाकडी जमिनीवर कधीच नको. रबरातली द्रव्ये पॉलिश मऊ करतात आणि चौकोनी पिवळा डाग कायमचा बसतो.